नैराश्य स्कॅनमध्ये दिसतं का?

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. त्यामुळे त्याच्या कोणत्या भागाला किती रक्त मिळतं हे कळलं, तर तिथे काम किती चाललंय याचा अंदाज बांधता येतो. १९९२ मध्ये मांडली गेलेली 'आर्टेरियल स्पिन लेबलिंग' ही एमआरआयची पद्धत नेमकं हेच मोजते. सुई नाही, किरणोत्सर्गी औषध नाही, म्हणून मुलांसाठी ती सोयीची. मानेतल्या धमन्यांमधून वर चढणाऱ्या रक्तातल्या पाण्यावर रेडिओलहरींनी चुंबकीय खूण करायची, दीड-दोन सेकंदांनी मेंदूची प्रतिमा टिपायची आणि खूण नसलेल्या प्रतिमेशी ती ताडून पाहायची. दोन्हींतला फरक एखाद्या टक्क्याचाच. म्हणून अशा जोड्या पुन्हा पुन्हा टिपाव्या लागतात आणि तोवर मुलाला डोकं जराही हलवता येत नाही.

कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी या पद्धतीने १३ ते १७ वयाच्या, नैराश्य असलेल्या २५ मुलामुलींची २६ निरोगी समवयस्कांशी तुलना केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आजारी मुलांच्या मेंदूत कपाळामागच्या आणि भावनांशी निगडित काही भागांत रक्तप्रवाह कमी आढळला, तर 'सबकॅलोसल सिंग्युलेट' या खोलवरच्या भागात जास्त. हाच भाग न्यूरॉलॉजिस्ट हेलन मेबर्ग यांनी प्रौढांमधल्या हट्टी नैराश्यात अतिसक्रिय असल्याचं दाखवलं होतं. २००५ मध्ये त्यांच्या गटाने सहा रुग्णांच्या मेंदूत तिथेच इलेक्ट्रोड बसवले आणि चौघांना टिकाऊ आराम पडला. वेगवेगळ्या वयांत, वेगवेगळ्या तंत्रांनी बोट एकाच जागी जातं, तेव्हा 'हे सगळे लाडाचे चोचले' म्हणणाऱ्यांना गप्प बसावं लागेल.

मग प्रत्येक उदास मुलाचा स्कॅन का काढू नये? कारण हे फरक गटांच्या सरासरीतले आहेत. निरोगी आणि आजारी मुलांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की एकट्या मुलाच्या प्रतिमेवरून निदान करता येत नाही. शिवाय या वयात मोजपट्टीच हलत असते. फिलाडेल्फियातल्या ८ ते २२ वयाच्या ९२२ जणांच्या अभ्यासात (२०१४) दिसलं, की लहानपणी मेंदूचा रक्तप्रवाह मुलगे-मुली दोघांतही घटत जातो. पौगंडावस्थेच्या मध्यानंतर मुलांमध्ये तो घटतच राहतो, मुलींमध्ये मात्र पुन्हा वाढतो. स्कॅनआधी घेतलेल्या कपभर कॉफीनेही तो उतरतो. आपल्याकडे तर रक्तक्षयाचा प्रश्न आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. रक्त पातळ झालं, की ऑक्सिजनची तूट भरून काढायला मेंदू प्रवाह वाढवतो. त्यातच अशा रक्तात चुंबकीय खूण जास्त वेळ टिकत असल्याने हिशेबातही आकडा फुगतो. थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड ही लक्षणं तर दोन्ही आजारांत सारखीच. अशा मुलीला आधी साधी रक्तचाचणी हवी, आणि तिचं ऐकून घेणारा डॉक्टर हवा.

कृत्रिम बुद्धिमत्ता हा गुंता सोडवेल, असं काही जण म्हणतात. सोडवेलही, पण शिकण्यासाठी तिला भरपूर मुलांची माहिती लागेल. मेंदूची प्रतिमा आणि मानसिक लक्षणं यांचा भरवशाचा संबंध दाखवायला बहुधा हजारो माणसं लागतात, हे 'नेचर'मधल्या २०२२ च्या एका मोठ्या विश्लेषणाने दाखवलं आहे. पन्नासेक मुलांच्या अभ्यासांवर विसंबून पालकांना महागडे स्कॅन विकणं म्हणूनच मला अक्षम्य वाटतं. डोक्याला इजा, फिट्स किंवा गाठीचा संशय असेल तर एमआरआय जरूर करावा; पण तो त्या शंकेसाठी, नैराश्यावर शिक्का मारायला नव्हे. संशोधन मात्र थांबता कामा नये. त्याच मुलांना उपचाराआधी, उपचारानंतर आणि पुढची काही वर्षं मोजलं, तर प्रवाहातला बदल आजाराचं कारण आहे की परिणाम, हे उलगडू लागेल. भारतात असा अभ्यास होईल, तेव्हा प्रत्येक प्रतिमेशेजारी त्या दिवशीचं हिमोग्लोबिनही नोंदलेलं हवं.