सिडनी बेशे : शिंप्याच्या दुकानांतील कलावंत

'पिकतें तेथें विकत नाहीं' ही आपली म्हण सातासमुद्रांपलीकडेहि खरी ठरते. जाझ-संगीतांतील विख्यात वादक सिडनी बेशे अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहरीं १८९७ सालीं एका कृष्णवर्णीय क्रिओल कुटुंबांत जन्मला. बालपणींच तो क्लॅरिनेट वाजवूं लागला. स्वरलिपि वाचण्याकडे त्यानें कधीं फारसें लक्ष दिलें नाहीं; कान हाच त्याचा गुरु.

१९१९ सालीं एका वाद्यवृंदाबरोबर तो लंडनला गेला. तेथें स्विस संगीतज्ञ एर्नेस्ट आन्सेर्मे यांनीं त्याचें वादन ऐकून त्याच्या प्रतिभेचा लेखांतून मुक्तकंठानें गौरव केला. याच शहरीं त्यानें सोप्रानो सॅक्सोफोन विकत घेतला, व पुढें तेंच त्याचें मुख्य वाद्य झालें.

परंतु तापट स्वभावानें घात केला. १९२८ सालीं पॅरिसमध्यें भांडणांत गोळ्या झाडल्याबद्दल त्याला कारावास घडला. मायदेशीं परतल्यावर, मंदीच्या दिवसांत, या गुणी पुरुषानें न्यू यॉर्कच्या हार्लेम भागांत शिंप्याचें दुकान थाटलें! मागच्या बाजूस मात्र वादनाच्या बैठकी चालूच असत.

१९३९ सालच्या 'समरटाइम' या ध्वनिमुद्रिकेनें त्याचें नांव पुन्हां गाजलें. आणि ज्या फ्रान्सनें त्याला तुरुंग दाखविला, त्याच फ्रान्सनें १९४९ नंतर त्याला डोक्यावर घेतलें. तेथेंच १४ मे १९५९ रोजीं, आपल्या जन्मदिनींच, तो निवर्तला.

कोपानें गमावलेलें त्यानें साधनेनें परत मिळविलें. वाचकहो, इस्त्री हातीं आली तरी ज्याची साधना सुटली नाहीं, त्यालाच कलावंत म्हणावें.