सॉनात बसल्यावर रक्तात काय घडतं?

नवी मुंबईत पाम बीच रस्त्यालगत किंवा खारघरला टॉवरमध्ये घर बघायला गेलं, की क्लबहाऊसमधली सॉना आणि स्टीमची खोली कौतुकाने दाखवली जाते. घामावाटे शरीरातलं विष निघून जातं, असंही सांगितलं जातं. ते खरं नाही. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ, जोडीला किंचित युरिया आणि लॅक्टेट. शरीर साफ ठेवतात ती यकृत आणि मूत्रपिंडं. सॉनानंतर काट्यावर घटलेलं वजन पाणी प्यायलं की परत येतं.

नियमित सॉनाचा खरा परिणाम रक्तात दिसतो. ८०-९० अंशांच्या कोरड्या खोलीत नाडी मिनिटाला शंभरापलीकडे जाते, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन त्या रुंदावतात. पेशींमध्ये 'हीट शॉक प्रोटीन' वाढतात आणि उष्णतेने घडी विस्कटलेली इतर प्रथिनं सावरतात. पाणी कमी पडतंय हे कळताच शरीर संप्रेरकं सोडून मूत्रपिंडांना पाणी आणि मीठ राखायला लावतं. असं वारंवार झालं, की रक्तातला द्रवभाग वाढतो. अल्डोस्टेरॉन या संप्रेरकामुळे घामग्रंथीही मीठ परत शोषून घेतात. उष्णतेला सरावलेल्या माणसाला घाम लवकर आणि जास्त येतो, पण तो कमी खारट असतो. शरीराची ही काटकसर मला फार विलक्षण वाटते.

फिनलंडच्या कुओपिओ परिसरातल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांच्या सुमारे २० वर्षांच्या नोंदी २०१५ साली प्रसिद्ध झाल्या. आठवड्यातून ४ ते ७ वेळा सॉना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने अचानक मृत्यू येण्याचं प्रमाण एकदाच घेणाऱ्यांपेक्षा बरंच कमी होतं. अर्थात हे निरीक्षण आहे. निरोगी माणसंच सॉनात जास्त जात असतील, ही शक्यता उरतेच.

आपल्याकडे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौदावा अध्याय स्वेदाचा, म्हणजे घाम आणण्याच्या उपचाराचा आहे. त्यातला 'जेन्ताक स्वेद' म्हणजे जवळजवळ सॉनाच: जलाशयाकाठी मातीची गोल खोली, मधोमध खैराच्या लाकडाची भट्टी, धूर गेल्यावर आत शिरायचं. बाहेर आल्यावर लगेच थंड पाण्याला हात लावू नये, असं चरक बजावतात. गर्भवती, मधुमेही आणि नेहमी मद्य घेणारे यांना तर ते स्वेदच वर्ज्य सांगतात.

नवी मुंबईकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सॉनाची हवा कोरडी असते, घाम उडतो आणि अंग निवतं. शिवाय आपण दहा-पंधरा मिनिटांत बाहेर पडतो. खाडीकाठच्या दमट उन्हात घाम नुसता निथळतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये उन्हातून आल्या आल्या सॉनात शिरू नका. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. दारू पिऊन आत बसू नका, आणि गरगरलं तर त्याच क्षणी बाहेर या.