दाट तेल, दाट केस?

खोबरेलाची बाटली उलटी केली की तेल धावत बाहेर येतं. एरंडेलाची केली तर वाट पाहत बसावं लागतं. हा संथपणा त्याच्या रेणूतून आलेला आहे. त्वचेवर आणि केसांवर एरंडेल जे करतं आणि जे करू शकत नाही, त्यातलं बरंचसं तिथूनच समजतं.

एरंडेलातल्या मेदाम्लांपैकी साधारण ८५ ते ९० टक्के एकाच जातीचं असतं: रिसिनोलेइक आम्ल. अठरा कार्बनची साखळी, आणि बाराव्या कार्बनला लागून ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी. खोबरेल, तीळ, शेंगदाणा, करडई यांच्या नेहमीच्या मेदाम्लांत ही जोडी नसते. एका रेणूतली जोडी शेजारच्या रेणूला ओढून धरते. रेणू एकमेकांवरून सहज घसरत नाहीत, म्हणून तेल दाट राहतं. याच जोडीमुळे एरंडेल अल्कोहोलमध्येही विरघळतं. बहुतेक वनस्पतितेलांना ते साधत नाही. लिपस्टिक बनवणाऱ्यांना हे तेल फार पूर्वीपासून आवडतं, कारण रंगाचे कण त्यात नीट मिसळून राहतात आणि ओठांवर चकाकी येते. जगाला लागणारं एरंडेल बहुतांशी भारतातून जातं, आणि त्यातही गुजरातमधून.

त्वचेसाठी या दाटपणाचा उपयोग खरा आहे. तेलाने त्वचेला पाणी मिळत नाही. आत असलेलं पाणी उडून जाणं मात्र कमी होतं. म्हणून कोरड्या अंगावर एरंडेल चोळण्यापेक्षा अंघोळ झाल्यावर, त्वचा ओलसर असतानाच अगदी थोडं लावावं. भेगाळलेल्या टाचा, खरखरीत कोपरं, थंडीत फुटलेले ओठ इथे ते चांगलं काम करतं. चेहऱ्यावर मुरुमं येत असतील तर हा जाड थर नको. सौंदर्यप्रसाधनांतल्या घटकांची तपासणी करणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २००७ मध्ये एरंडेल अशा वापरासाठी सुरक्षित ठरवलं. तरी मोजक्या लोकांना त्याची अ‍ॅलर्जी होते. लिपस्टिकमुळे ओठ सतत सोलवटत असतील तर कारण हेही असू शकतं. पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस थांबावं.

केसांचं दुखणं वेगळं आहे. डोक्यावर दिसणारा केस निर्जीव असतो. त्याची वाढ होते ती त्वचेखाली काही मिलिमीटर खोल असलेल्या मुळाशी. एरंडेल बाहेरच्या केसाला गुळगुळीत करतं, चमक देतं, थर बसल्यामुळे केस जाडसर वाटतो. पण त्याने नवे केस उगवतात किंवा वाढीचा वेग वाढतो, याला भक्कम पुरावा नाही. मग इतक्या बायका मनापासून सांगतात की आपले केस परत आले, ते खोटं का? मुळीच नाही. बाळंतपणानंतर, डेंग्यूसारख्या तापानंतर किंवा मोठ्या आजारपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळू लागतात. आजारात एकदम विश्रांतीत गेलेले केस तेव्हा सुटत असतात. मुळं शाबूत असल्यामुळे पुढच्या काही महिन्यांत ते आपोआप भरूनही येतात. घाबरून तेल सुरू केलं जातं ते नेमकं गळती ऐन भरात असताना. केस परततात आणि श्रेय बाटलीला मिळतं. यात कुणाचं नुकसान नाही, असं वाटेल. पण गळतीमागे लोहाची कमतरता किंवा थायरॉइड असेल, किंवा चाई पडली असेल, तर तेलावर विसंबण्यात गेलेले महिने महाग पडतात. अशा वेळी रक्ततपासणी आणि त्वचारोगतज्ज्ञ आधी, तेल नंतर.

दाटपणाची दुसरी बाजूही आहे. २०१७ मध्ये केशविकारांवरच्या एका भारतीय नियतकालिकात वीस वर्षांच्या एका मुलीची नोंद आली. खोबरेल आणि एरंडेल एकत्र करून तिने लांब केसांना लावलं, केस धुतले, आणि त्यांचा दगडासारखा गोळा झाला. तो सुटेना, शेवटी कापावा लागला. केसाच्या पृष्ठभागावर बारीक खवले असतात. चिकट तेल, लांब केस आणि डोक्यावर गोळा करून चोळणं एकत्र आलं की खवले एकमेकांत अडकू शकतात. असा प्रकार दुर्मीळ आहे. पण महाराष्ट्रात केसांचा गुंता होऊन जट झाली की आजही कुणीतरी देवीचं बोलावणं म्हणून घाबरवतं, ती कापू देत नाही. मान आखडलेल्या, डोक्यात उवा झालेल्या बाया वर्षानुवर्षं ते ओझं वाहतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगावी समजूत घालून जटा काढतात, तेव्हा त्यांच्या हाती द्यायला ही नोंद मोलाची आहे. गुंता कसा होतो ते प्रयोगवहीत लिहिता येतं, त्याला कोप लागत नाही.

म्हणून केसांना लावायचं तर एक भाग एरंडेल आणि तीन-चार भाग खोबरेल घ्यावं, तेही टोकांकडच्या कोरड्या केसांना. आधी केस विंचरून मोकळे करावेत, धुताना वरून खाली हात फिरवावा. खोबरेलाची जोड नुसती पातळपणासाठी नाही. त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ असल्यामुळे केसाच्या आत शिरतं, आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. हे मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं होतं. कोंडा असेल तर टाळूवर कुठलंच तेल मुरवत ठेवू नये. कोंड्याशी संबंधित मॅलेसेझिया ही बुरशी तेलातल्या मेदाम्लांवरच जगते.

पापण्या दाट व्हाव्यात म्हणून रात्री डोळ्यांच्या कडेला एरंडेल लावणं सोडून द्यावं. डोळ्यांच्या काही औषधांत ते असतं, पण निर्जंतुक करून, ठरावीक प्रमाणात. घरातल्या बाटलीला ते लागू नाही. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत घालायचं एरंडेलाच्या ज्योतीवरचं काजळही त्यातच आलं. ती काजळी आहे, आणि घालणारं बोट स्वच्छ असेलच असं नाही.

बियांबद्दल मात्र ठामपणे सांगायला हवं. एरंडीच्या बीत रायसिन नावाचं जहाल विषारी प्रथिन असतं. ते पाण्यात विरघळतं, तेलात नाही, म्हणून तेल काढल्यावर पेंडीत राहतं. उष्णतेने नष्टही होतं. बिया भाजून, कुटून, पाण्यात उकळून वर आलेलं तेल काढून घ्यायची जुनी घरगुती रीत या दृष्टीने चोख होती. पण ठिपक्यांच्या चकचकीत बिया मुलांना फार आकर्षक वाटतात. बी चावली गेली असेल तर उलटीची वाट न पाहता मुलाला थेट रुग्णालयात न्यावं, आणि उरलेल्या बिया सोबत घ्याव्यात.