मऊ मातीतील बोगदे

शाळा असो वा कचेरी, बदल आला की सहकारी प्रथम विचारतात ते पुढे काय होणार, हेच. याचे निश्चित उत्तर बहुधा प्रमुखाजवळही नसते. अशा वेळी त्याने काय करावे, याचे उदाहरण शोधण्यासाठी आम्हां सिंधुदुर्गवासीयांना दूर जावे लागत नाही. ते कणकवली, कुडाळ, सावंतवाडीवरून रोज धावते.

प्रा. मधु दंडवते यांच्यासारख्यांनी कोकण रेल्वेची मागणी वर्षानुवर्षे जागती ठेवली. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले व ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. रोहा ते मंगळूर या मार्गावर ९१ बोगदे आणि लहानमोठे १,८०० हून अधिक पूल बांधायचे होते. मुदत पाच वर्षांची. बराचसा पैसा कर्जरोख्यांतून उभारलेला, म्हणजे विलंब झाला की व्याज चढणार. त्यात गोव्यात मार्गाच्या आखणीविरुद्ध आंदोलन उभे राहिले आणि तेथील काम काही काळ थांबले.

श्रीधरन यांनी संपूर्ण मार्गाचे सात विभाग पाडले. त्यांतील एक आपल्या कुडाळचा. प्रत्येक विभागावर मुख्य अभियंता नेमून निर्णयाचे अधिकार त्याच्याकडे सोपवले. आमच्या मते या साऱ्या इतिहासातील कळीची गोष्ट हीच. एरवी सरकारी कामात कागद वर जातो, परवानगी खाली येते आणि दरम्यान पावसाळा लागतो! चुकीचे खापर आपल्यावर फुटेल या धास्तीत असलेला माणूस कागद वरच ढकलणार. अधिकार आणि पाठराखण दोन्ही मिळाली, तरच तो जागेवर निर्णय घेतो.

कठीण कातळासाठी स्वीडनहून यंत्रे आली. नऊ बोगदे मात्र पाण्याने भिजलेल्या मऊ मातीतून जाणार होते. तेथे यंत्र चालेना. हाताने खोदावे, तर खोदलेले पुन्हा ढासळे. पेडण्याचा बोगदा सर्वांत हट्टी ठरला. डिसेंबर १९९६ मध्ये गाडी सावंतवाडीपर्यंत आली, पण पूर्ण मार्ग खुला होण्यास २६ जानेवारी १९९८ उजाडला.

या बांधकामात ७४ जणांनी प्राण गमावले, त्यांपैकी १९ जण केवळ मऊ मातीच्या बोगद्यांत. रत्नागिरीत त्यांचे स्मारक आहे. तरीही श्रीधरन यांचे नाव सर्वतोमुखी आहे, आणि पेडण्यात घमेले उचलणाऱ्याचे कोणाला ठाऊक? जोखीम ज्याच्या अंगावर, त्याला माहितीही आधी मिळावी आणि श्रेयही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी आपल्याला दिले जाणारे श्रेय बी. एन. राव, मसुदा समितीचे सदस्य आणि त्याहून अधिक मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांच्याकडे वळवले. मध्यरात्र उलटेपर्यंत राबणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही ते विसरले नाहीत.

आमच्यासारख्या निवासी शाळेत नवा अभ्यासक्रम वा नवे वेळापत्रक आले की बैठक शिक्षकांची होते. पहिली तारांबळ उडते ती मात्र स्वयंपाकघरातील ताईंची आणि रात्रपाळीच्या रखवालदारांची. येत्या जूनच्या बैठकीत त्यांनाही बसवावे, आणि पहाटेची घंटा किती वाजता व्हावी हे प्रथम त्यांनाच विचारावे, असा आमचा प्रस्ताव आहे.