समुपदेशनाचा गुण मोजताना

कार्यक्रम-मूल्यमापन, म्हणजे उपक्रमामुळे खरोखर काही बदलले का याची पुराव्यानिशी तपासणी, समुपदेशनाच्या विद्यार्थ्यांना शिकवताना गोव्याचा दाखला विशेष मोलाचा ठरतो. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील चाचणीत, घातक मद्यपान करणाऱ्या पुरुषांपैकी प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांची मदत मिळालेले ३६ टक्के तीन महिन्यांनी सावरले, मात्र नियंत्रण गटातही, म्हणजे तुलनेसाठी केवळ सुधारित नेहमीचे उपचार दिलेल्यांतही, २६ टक्के सावरले होते, आणि हा दुसरा आकडा नसता तर सारे श्रेय समुपदेशनालाच गेले असते. असाच उपक्रम, समजा, पालघरजवळच्या मुरबे या मच्छीमार गावात राबवला आणि मद्यपानाची पहिली मोजणी पावसाळी मासेमारीबंदीत आणि दुसरी ऐन हंगामात केल्यास कमाईतील फरकच समुपदेशनाचा परिणाम भासेल. म्हणून तेथे तुलनागट हवाच.