गाळ्याचे भाडे आणि कॉलेजची मुले

गांधीनगरच्या पेठेत कापडाच्या मीटरला चार आण्यांचा फरक पडला तरी आपला व्यापारी तासभर घासाघीस करतो. मात्र ज्या गाळ्यात बसून तो हा धंदा करतो त्या गाळ्याचे भाडे तो शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ठरवतो. "तिकडे पंधरा हजार चालू आहे" असे कोणी तरी म्हणते आणि तोच भाव होऊन बसतो. किती फुटांच्या गाळ्याला पंधरा हजार, अनामत किती, माळा धरून की सोडून, हे कोणी विचारत नाही. माल घेताना फसलो तर एक हंगाम जातो. भाड्यात फसलो तर तीन किंवा पाच वर्षे दर महिन्याला ते भरत राहावे लागते.

मोठ्या शहरांत ही माहिती विकत मिळते. जेएलएल, नाईट फ्रँक यांसारख्या विलायती मुळाच्या कंपन्या मुंबई-पुण्यातल्या कचेऱ्या व दुकानांच्या भाड्यांचे आकडे गोळा करून अहवाल काढतात. त्यासाठी त्यांच्याकडे संशोधनाची स्वतंत्र खाती आहेत आणि शिकाऊ मुलांना तिथे कामाची संधी मिळते. त्या अहवालांत मुंबई, पुणे, बंगळूर, हैदराबाद असते. उचगाव फाटा, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी किंवा इचलकरंजी त्यात येण्याची वाट आपण पाहू नये. आपले आकडे आपल्यालाच जमवावे लागतील, आणि जमवणारी मुले आपल्या दाराशी आहेत.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार 2023-24 पासून राज्यात पदव्युत्तर अभ्यासक्रमाची घडी बदलली. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात 'ऑन जॉब ट्रेनिंग' किंवा फील्ड प्रोजेक्ट आला. त्याला चार श्रेयांक आहेत. दुसऱ्या वर्षात संशोधन प्रकल्प आहे, त्याला तिसऱ्या सत्रात चार आणि चौथ्या सत्रात सहा श्रेयांक आहेत. एम.बी.ए.च्या मुलांना तर उन्हाळ्यातला प्रकल्प पूर्वीपासूनच करावा लागतो. शिवाजी विद्यापीठ 1962 चे, सायबर संस्था 1976 ची. म्हणजे कोल्हापुरात अशी मुले नवी नाहीत. ती जागा शोधत फिरतात, बँकेत किंवा शिरोलीच्या कारखान्यात शिरकाव मिळाला तर तिथे जातात, नाही तर ओळखीच्या माणसाकडून सही-शिक्का घेऊन मोकळी होतात. सही-शिक्क्याच्या या प्रकारात मुलाचे नुकसान आहे आणि आपलेही.

आता असा विद्यार्थी गाळ्यांच्या बाबतीत नेमके काय करतो ते पाहू. पहिले काम मोजमाप. समजा एक गाळा 180 फुटांचा, भाडे 12,000 रुपये. दुसरा '250 फुटांचा', भाडे 13,500. वरवर पाहता दुसरा स्वस्त, फुटाला 54 रुपये. पहिला फुटाला जवळजवळ 67. पण फीत लावून आतला चटई क्षेत्रफळाचा हिशेब काढला आणि दुसऱ्या गाळ्यात भिंती, जिना, बाहेरचा पॅसेज वगळून 175 फूटच भरले, तर तोच भाव 77 रुपयांवर जातो. विक्रीच्या बाबतीत 2016 च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्रफळाची व्याख्या बांधून दिली आहे. भाड्याच्या व्यवहारात मात्र अजून जुनीच भाषा चालते, म्हणून फीत हवी.

दुसरे काम कागदपत्रांचे. नोंदणी व मुद्रांक विभागाचे वार्षिक मूल्यदर तक्ते, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो, सर्वांना पाहता येतात. नोंदवलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन संगणकावर शोधता येते. तिथून मुलगा खरोखर नोंदलेले व्यवहार काढतो आणि बाजारातल्या तोंडी भावाशी ताडून पाहतो. दोहोंत तफावत दिसते तिथे त्याच्या संशोधनाला सुरुवात होते.

तिसरे काम अनामतीचे. दोन लाख अनामत आणि 12,000 भाडे असलेला गाळा, आणि पन्नास हजार अनामत व 13,000 भाडे असलेला गाळा, यांची तुलना करायची कशी? व्याजाचा विषय आपल्या घरात नको, हे खरे. परंतु सरकार मुद्रांक काढताना परत मिळणाऱ्या अनामतीवर सालाना दहा टक्के धरते. तीन वर्षांच्या लीव्ह अँड लायसन्स करारात 12,000 प्रमाणे भाडे झाले 4,32,000, दोन लाखांवर तीन वर्षांचे धरले 60,000, एकूण 4,92,000, त्यावर पाव टक्का म्हणजे 1,230 रुपये मुद्रांक. एवढ्यासाठी लोक करार न नोंदवता कच्च्या कागदावर चालवतात! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी व नोंदलेला हवा. ती जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंद नसेल तर वादात भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. आपल्यातले बरेच जण एका गाळ्याचे मालक व दुसऱ्याचे भाडेकरू असतात, तेव्हा दोन्ही बाजूंनी हे माहीत असावे.

जी.एस.टी.चा मुद्दाही मुलांना शोधायला सांगावा. 10 ऑक्टोबर 2024 पासून, गाळामालक नोंदणीकृत नसेल आणि भाडेकरू व्यापारी नोंदणीकृत असेल, तर भाड्यावरचा 18 टक्के कर भाडेकरूने स्वतः भरायचा आहे. कंपोझिशनवाल्यांना जानेवारी 2025 मध्ये यातून वगळले. पेठेत किती जणांना हे ठाऊक आहे, हाच एका प्रकल्पाचा विषय होईल.

मला सर्वांत जास्त गरज वाटते ती मशिदी, दर्गे आणि संस्थांच्या गाळ्यांच्या अभ्यासाची. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात देशातल्या सुमारे 4.9 लाख नोंदणीकृत वक्फ मिळकतींचे उत्पन्न वर्षाला 163 कोटी सांगितले होते. बाजारभावाने त्यांची किंमत 1.2 लाख कोटी, आणि दहा टक्के उत्पन्न निघाले तर 12,000 कोटी व्हावेत, असा समितीचा हिशेब होता. हे आकडे आपण सभांत ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि घरी येऊन मशिदीच्या गाळ्याचे वडिलांच्या वेळचे भाडे भरत राहतो. भाडेकरू आपणच आहोत, ही गोष्ट सभेत कोणी बोलत नाही. एखाद्या मुतवल्लीने आपल्या आठ-दहा गाळ्यांचे मोजमाप, करार व शेजारच्या भाड्याची तुलना एका विद्यार्थ्याकडून करून घेतली तर जमातीसमोर लेखी कागद येईल. मग भाडे किती वाढवायचे, गरीब कारागिराला किती सूट द्यायची, हे उघडपणे ठरवता येईल. 1906 साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात मुस्लिम मुलांच्या तालमीसाठी बोर्डिंग उभे केले, त्याला मिळकतींच्या उत्पन्नाचा आधार दिला. मिळकत आणि तालीम यांचा संबंध या शहराला नवा नाही.

व्यापारी बांधवांची भीती मला माहीत आहे. मुलगा भाडे विचारतो म्हणजे उद्या इन्कमटॅक्सवाला येणार! म्हणून सुरुवातीलाच कॉलेजचे पत्र मागावे, मार्गदर्शक प्राध्यापकांशी एकदा बोलावे, आणि अहवालात दुकानाचे नाव न घालता 'गाळा क्र. 1, 2, 3' असे लिहिण्याची अट घालावी. चांगले प्राध्यापक ती अट स्वतःच घालतात. एकाच दुकानाने मुलगा ठेवण्यापेक्षा एका गल्लीतल्या पाच-सहा दुकानदारांनी मिळून ठेवावा. एका गाळ्याच्या आकड्यावरून काही कळत नाही, आणि वीस-पंचवीस गाळे झाले तर चित्र दिसू लागते.

मुलांकडून थान उचलून घेणे, वसुलीला पाठवणे, मुलगी असेल तर तिला दिवसभर गल्ल्यावर बसवणे, हे प्रकार बंद व्हावेत. ती शिकायला आलेली आहेत. जाण्यायेण्याचे भाडे व दुपारचे जेवण तरी द्यावे, अहवालाची एक प्रत मागून घ्यावी आणि ती वाचावी. ज्या मुलांची शाळा उर्दूत झाली त्यांना सातबारा, सूची, मुद्रांक हे मराठी शब्द सुरुवातीला अडतात. दस्त लिहिणाऱ्याकडे दोन दिवस बसवले की सुटतात. अहवाल इंग्रजीत असला तरी दोन पानांचा गोषवारा मराठीत मागायला हरकत नाही.

दुसरे सत्र साधारण उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते. दिवाळीनंतर कॉमर्स व मॅनेजमेंटच्या विभागप्रमुखांना एक साधे पत्र द्यावे: आमच्या गल्लीत इतके गाळे आहेत, हा विषय आहे, इतक्या मुलांना जागा आहे. पत्रावर दोन-तीन दुकानांचे शिक्के असले म्हणजे पुरे.