खाणी थांबल्या, ओहोळांचे काय?

गोव्यातील लोहखनिजाच्या उत्खननाला सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2012 मध्ये स्थगिती दिली, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्दबातल ठरविले. दोन्ही वेळा चर्चा झाली ती मुख्यतः बुडालेल्या रोजगाराची आणि महसुलाची. ते स्वाभाविकच होते. परंतु डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतील डोंगर पोखरताना त्यांच्या अंगावरचे लहान ओहोळही पुसले गेले, या हानीकडे त्या मानाने फारसे लक्ष गेले नाही.

एक टन खनिज मिळविण्यासाठी येथे सुमारे 2.5 ते 3 टन माती आणि दगड उपसावे लागतात. पोर्तुगीज अमदानीतले बहुतेक पट्टे 100 हेक्टरांच्या आतले. अशा तोकड्या जागेत हा उपसा ठेवायचा तर ढीग उंच आणि उभ्या उताराचे होणार, हे उघड आहे. पुढे त्यांवर अकेशियासारखी झपाट्याने वाढणारी झाडे लावली जातात, आणि किती हेक्टरांवर लागवड झाली यावरून पुनर्वसनाचे मोजमाप होते. झाडे लावावीत याबद्दल वाद नाही. पण चार महिन्यांत सुमारे 3,000 मिलिमीटर कोसळणारा पाऊस त्या ढिगावरून खाली कसा उतरतो, हा खरा प्रश्न आहे.

नैसर्गिक ओहोळाचा उतार माथ्याशी तीव्र असतो आणि पाणी वाढत जाते तसतसा सौम्य होत जातो. खाणीच्या ढिगाची रचना नेमकी उलटी असते: माथा सपाट, कडा उभ्या. जेथे पाणी सर्वांत अधिक, तेथेच उतार सर्वांत तीव्र. यावर रूढ उपाय म्हणजे उतारावर पायऱ्या काढणे आणि त्यांचे पाणी दगडी बांधणीच्या सरळ चरांतून खाली सोडणे. कागदावर ही रचना नीटनेटकी दिसते. वस्तुतः भरावाची माती वर्षानुवर्षे आणि सर्वत्र सारख्या प्रमाणात न खचता खचत राहते. पायरीचा एखादा भाग बसला की पाणी तेथे साचते आणि कड ओलांडून घळ पाडते. चराची बांधणी तडकली की पाणी दगडांखालची माती वाहून नेते. हा गाळ शेवटी खालच्या भातखाचरांत, कुळागरांत आणि नद्यांच्या पात्रांत जाऊन बसतो.

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या ला प्लाटा कोळसा खाणीत निराळा मार्ग अवलंबिण्यात आला. परिसरातील टिकून राहिलेल्या नाल्यांची वळणे, उतार आणि त्यांच्यातील अंतरे मोजून तशाच टेकड्या व नाले भरावावर घडविण्यात आले. तो प्रदेश कोरडा; त्यामुळे तिथला आराखडा उचलून गोव्यात बसविणे खुळेपणाचे ठरेल. घेण्यासारखी आहे ती पद्धत, आणि त्याहूनही तिच्यामागचा कायदा. 1977 च्या अमेरिकी कायद्यानुसार कोळसा खाणचालकाला हमीची रक्कम द्यावी लागते, आणि शेवटच्या पेरणीनंतर किमान 5 वर्षे, कोरड्या प्रदेशात 10 वर्षे, त्याची जबाबदारी सुटत नाही. आज स्वस्तात उरकलेला चर उद्या फुटला तर त्याचा भुर्दंड त्यालाच. अर्थशास्त्राच्या भाषेत, खालच्या गावावर ढकलला जाणारा खर्च येथे उत्पादकाच्या खात्यावर परत येतो.

आपल्याकडे हमी रकमेची तरतूद नाही असे नव्हे. 2021 च्या दुरुस्तीने मोठ्या, म्हणजे 'अ' वर्गाच्या खाणींसाठी ही रक्कम हेक्टरी 3 लाखांवरून 5 लाख रुपये करण्यात आली. पण हेक्टरी सरसकट दर ठेवण्यात एक उणीव आहे. सपाट माळावरचा एक हेक्टर आणि ओहोळाच्या मुखाशी उभा असलेल्या ढिगाचा एक हेक्टर यांचा धोका सारखा कसा मानायचा? हमी रक्कम उतार आणि पाणलोट पाहून ठरावी, आणि नव्या ओहोळांनी काही पावसाळे निभावल्याचे प्रत्यक्ष मोजणीने दिसल्यावरच टप्प्याटप्प्याने परत मिळावी.

2022 पासून लिलावाने दिलेल्या नव्या पट्ट्यांना अशी अट घालता येईल. जुन्या ढिगांचे कोडे अधिक अवघड आहे. त्यांतील कित्येक पट्ट्याबाहेर, खाजगी जमिनीवर उभे आहेत, आणि पाणलोट काही पट्ट्याची हद्द पाहून आखलेला नसतो. अमेरिकेने कायद्यापूर्वी सोडून दिलेल्या खाणींसाठी चालू उत्पादनावर टनामागे आकार बसविला. गोव्यात त्यासाठी नवा कर शोधण्याचीही गरज नाही: विक्रीच्या उत्पन्नातील 10 टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठी कायम निधीत जमा व्हावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल 2014 चा आदेश आहे. मुद्दलाला हात न लावता त्या निधीच्या व्याजातून एकेका ओहोळाचे, उगमापासून नदीपर्यंत, काम हाती घेता येईल. मात्र त्याआधी प्रत्येक ढिगाचे पाणी कोणत्या ओहोळात उतरते याचा नकाशा करून तो त्या त्या ग्रामपंचायतीत लावला पाहिजे.